‘ग्यान’ की ‘ज्ञान’? पाठ्यपुस्तक ऐकवणाऱ्या मोफत साधनांची खानदेशी तपासणी

एक ओळ फोनवर लिहा: ‘इयत्ता ७ वी, पान २५, ज्ञान, बाळ, चाक.’ मग ती फोनकडूनच मोठ्याने वाचून घ्या. ‘ग्यान’ आणि ‘पच्चीस’ ऐकू आले तर तो फोन मराठी मजकूर हिंदी आवाजात वाचतोय. ‘द्न्यान’ आणि ‘पंचवीस’ ऐकू आले तर मराठी आवाज बसलेला आहे. ‘चाक’मधला च ‘चहा’सारखा लागला तर फार मनावर घेऊ नका. मराठीत च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार, लिपीत मात्र खूण एकच. यंत्राला अंदाज करावा लागतो आणि तो अधूनमधून चुकतो. ‘ग्यान’ मात्र चालवून घ्यायचे नाही. ज्या मुलाला शब्द डोळ्यांनी दिसतच नाही, त्याच्यासाठी कानावर पडेल तीच भाषा.

ही तपासणी आहे चार मोफत गोष्टींची, ज्या एका साध्या ॲन्ड्रॉइड फोनवर एकत्र बसतात: गूगलचा मराठी आवाज, टॉकबॅक, ईझीरीडर हे वाचन-ॲप आणि सुगम्य पुस्तकालय ही ऑनलाइन लायब्ररी. जोडीला लॅपटॉपची स्क्रीन वाचून दाखवणारे एनव्हीडीए आणि एज ब्राउझर, आणि वाचायला शिकणाऱ्यांसाठी गूगलचे रीड अलाँग. मुले कोण? दृष्टिहीन, अल्पदृष्टी असलेली, डिस्लेक्सियामुळे अक्षरांशी झुंजणारी, आणि सेरेब्रल पाल्सीमुळे ज्यांना पुस्तक धरता किंवा पान उलटता येत नाही अशी. ठिकाण जळगाव, धुळे, नंदुरबार. म्हणजे भुसावळसारखे गाव, जिथे नेट धडधडीत चालते, आणि धडगाव-मोलगीकडचे पाडेही, जिथे रेंजसाठी टेकडी चढावी लागते.

निकाल आधीच सांगतो. आवाज पास, ॲप पास, मजकूर नापास. खर्च आणि कष्ट कुठे लावायचे हे या तीन शब्दांवरून ठरते.

फोन आणि आवाज

फोन नवा घ्यायचा असेल तर चार जीबी रॅम आणि इअरफोनची गोल पिन बसेल असे छिद्र, एवढे दोन निकष पुरेत. छिद्राचा आग्रह जुनाट वाटेल, पण त्याला कारण आहे. ब्लूटूथ इअरफोनमध्ये आवाज किंचित उशिरा पोहोचतो. गाणे ऐकताना ते कळत नाही. टॉकबॅकवर बोट फिरवणाऱ्या मुलाला मात्र बोट पुढच्या बटणावर गेल्यावर मागच्या बटणाचे नाव ऐकू येते. वायरचा इअरफोन स्वस्त, त्याला चार्जिंग नको, आणि वर्गात एकाच कानात घालता येतो. दुसरा कान बाईंसाठी मोकळा ठेवायचा.

आवाज बसवण्याची वाट: सेटिंगमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’, तिथे ‘टेक्स्ट-टू-स्पीच’. पसंतीचे इंजिन गूगलचे निवडा. सॅमसंगच्या फोनवर कंपनीचे स्वतःचे इंजिन आधीपासून निवडलेले असते, ते बदलायला विसरू नका. मग इंजिनशेजारच्या चाकाच्या चिन्हावर टॅप करून ‘इन्स्टॉल व्हॉइस डेटा’मध्ये मराठी डाउनलोड करा. हे डाउनलोडच बहुतेक ठिकाणी राहून जाते. नेट असेपर्यंत कुणाला कळत नाही, कारण आवाज नेटवरून येत राहतो. फोन अक्राणीच्या (म्हणजे धडगावकडच्या) आश्रमशाळेत पोचला की मुका होतो, किंवा गुपचूप दुसऱ्या भाषेवर जातो. म्हणून सगळी जोडणी तालुक्याच्या गावी वायफायवर करा, फोन विमान-मोडवर टाका आणि मगच वरची ओळ वाचून घ्या. विमान-मोडवर ‘द्न्यान’ आले, तरच तो फोन डोंगरात पाठवण्याजोगा.

आणखी एक खोड फोनचीच. बॅटरी वाचवण्याच्या नादात अनेक फोन स्क्रीन बंद झाली की मागे चाललेले ॲप मारून टाकतात. पाठ निम्म्यावर थांबतो आणि मुलाला वाटते पाठ संपला. वाचन-ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरीसमोर ‘अनरिस्ट्रिक्टेड’ किंवा ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ करून टाका.

उन्हाळ्याचे वेगळे सांगायला हवे. जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि पत्र्याच्या खोलीत फोन तापला की तो स्वतःहून स्क्रीनचा उजेड कमी करतो, चार्जिंग थांबवतो. दृष्टिहीन मुलाला उजेडाचे काही नाही, पण अल्पदृष्टी असलेल्याचे वाचन तिथेच बंद पडते आणि ‘आज याला दिसत नाही’ असा शेरा बसतो. फोन जाड कव्हरमधून काढा, चार्जिंगला लावून वाचायला देऊ नका, मोठी अक्षरे वाचायचे काम सकाळच्या शाळेत उरका.

टॉकबॅक कुणाला द्यायचे, कुणाला नाही

टॉकबॅक म्हणजे स्क्रीनवरची प्रत्येक गोष्ट बोलून दाखवणारी सोय. ती ॲन्ड्रॉइडमध्येच असते. शॉर्टकट आधी चालू करून ठेवला की आवाजाची दोन्ही बटणे तीन सेकंद एकत्र दाबली की ती चालू-बंद होते. चालू असताना फोन वेगळा वागतो: एकदा स्पर्श केला की फक्त नाव सांगतो, उघडायला दोनदा टॅप लागते, पान सरकवायला दोन बोटे लागतात. डोळस माणूस इथे हमखास अडकतो आणि ‘फोन हँग झाला’ म्हणून बंद करून टाकतो. शिक्षकांनी शॉर्टकट पाठ करावा, एवढेच.

खरी चूक होते ती निवडीत. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला टॉकबॅक देणे म्हणजे नुसता छळ. त्याला बटणे दिसतात. अडचण फक्त मजकुराची आहे. त्याच्यासाठी त्याच मेनूतले ‘सिलेक्ट टू स्पीक’ चालू करा. परिच्छेदावर बोट ठेवले की तेवढेच वाचले जाते. अल्पदृष्टीच्या मुलालाही बहुधा हेच आणि जोडीला मोठा फॉन्ट पुरतो. टॉकबॅक हे ज्याला स्क्रीन वाचता येत नाही त्याचे साधन.

ईझीरीडर

ब्रिटनमधल्या डॉल्फिन कंपनीचे हे ॲप मोफत आहे, खाते उघडावे लागते. डेझी आणि ई-पब या दोन्ही प्रकारची पुस्तके ते उघडते. ई-पब म्हणजे नेहमीचे ई-पुस्तक. डेझी म्हणजे ऐकून वाचणाऱ्यांसाठी बांधलेले पुस्तक: नुसता आवाज सलग धावत नाही, प्रकरण, उपशीर्षक, पान असे उडी मारत जाता येते. ही उडी ज्याला मारता येत नाही त्याने दहावीचा इतिहास ऐकून पाहावा. प्रश्न तिसऱ्या पाठातला आणि ऐकायला सुरुवात पहिल्यापासून.

ॲपमधली सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे वाचले जाणारे वाक्य आणि त्यातला चालू शब्द रंगवून दाखवणे. डिस्लेक्सियाच्या मुलाचा डोळा ओळ सोडून पळतो, हा रंग त्याला धरून ठेवतो. पिवळ्यावर काळे असा भडक मेळ टाळा. फिकट क्रीम पार्श्वभूमी, गडद अक्षरे, आणि वेग नेहमीपेक्षा थोडा कमी. दृष्टिहीन मुलाचे उलट आहे. त्याचा कान महिनाभरात तयार होतो आणि तो वेग स्वतःच वाढवत नेतो. मोठ्यांनी तो ‘नीट ऐकू यावा’ म्हणून कमी करू नये.

फॉन्टच्या बाबतीत दोन सापळे आहेत. यादीत ओपनडिस्लेक्सिक नावाचा फॉन्ट दिसतो. त्यात देवनागरी अक्षरेच नाहीत, त्यामुळे मराठी पुस्तकावर तो निवडून काहीही बदलत नाही, फोनचा नेहमीचाच फॉन्ट दिसत राहतो. दुसरा सापळा अक्षरांमधल्या अंतराचा. इंग्रजीसाठी अक्षरे थोडी सुटी करण्याचा सल्ला दिला जातो. मराठीत तसे केले की शिरोरेषा तुटते, शब्द एकसंध दिसत नाही आणि ज्याला आधीच अक्षरे सुटी दिसतात त्याची अवस्था आणखी बिकट होते. अक्षरांचे अंतर शून्यावर ठेवा. ओळींमधले अंतर दीडपट किंवा त्याहून जास्त करा. देवनागरीत मात्रा वर जातात, उकार खाली येतात, वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा अनुस्वार एकमेकांना भिडले की अल्पदृष्टीच्या मुलाला दोन्ही हरवतात. कागदावर मोठी छपाई करून द्यायची असेल तर मुक्ता हा मोफत फॉन्ट, १८ ते २४ पॉइंट, पाठपोट न छापता एकाच बाजूला.

ज्यांना ईझीरीडर जड वाटते त्यांनी ॲट-व्हॉइस अलाउड रीडर पाहावे. दिसायला ओबडधोबड, पण त्यात शब्दांचे उच्चार दुरुस्त करायची यादी ठेवता येते. ‘उदा.’ आले की ‘उदाहरणार्थ’ म्हण, ‘कि.मी.’ आले की ‘किलोमीटर’ म्हण, असे एकदा लिहून ठेवले की टिंबापाशी अडखळणे थांबते. मराठी पाठ्यपुस्तकांत अशी टिंबे किती आहेत हे ऐकायला बसल्यावरच कळते.

लॅपटॉप असेल तर

एनव्हीडीए २००६ पासूनचे, मोफत, मुक्त स्रोताचे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालणारे. त्यात ईस्पीक एनजी हा मराठी वाचणारा आवाज आतच असतो. तो ऐकायला रुक्ष आहे, अगदी पत्र्यावर खडे पडल्यासारखा. लहान मुले पहिल्यांदा कंटाळतात. पण कळ दाबताक्षणी बोलतो आणि नेट मागत नाही. माध्यमिकपासून पुढे टायपिंग शिकणाऱ्या दृष्टिहीन मुलासाठी हेच खरे. एच ही कळ दाबली की पुढच्या शीर्षकावर जाता येते. अट एकच: कागदपत्रात शीर्षके खरोखरची शीर्षके असली पाहिजेत, नुसती जाड केलेली ओळ नव्हे.

कानाला सगळ्यात गोड मराठी हवी असेल तर मायक्रोसॉफ्ट एजमध्ये पान उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि यू दाबा. आरोही आणि मनोहर हे दोन मराठी आवाज तिथे आहेत. नेटशिवाय ते चालत नाहीत. शिरपूर-चोपड्यात वापरा, तोरणमाळला त्यांच्यावर विसंबू नका.

मजकूर: सगळे घोडे इथेच अडते

बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, म्हणून अनेकांना वाटते काम झाले. होत नाही. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सॲपमध्ये स्वतःलाच पाठवा. चारपैकी एक प्रकार दिसेल. पहिला, शुद्ध मराठी: नशीब. दुसरा, इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा काला: ही जुन्या फॉन्टची करणी. युनिकोड, म्हणजे प्रत्येक यंत्राला सारखीच कळणारी अक्षरांची पद्धत, रुळण्याआधी आपल्याकडे छपाईचे फॉन्ट असे बनवले गेले की इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार बसवलेला. डोळ्याला ‘शाळा’ दिसते आणि यंत्राला इंग्रजी अक्षरांचा गुंता. तिसरा प्रकार फसवा. मराठीच दिसते, पण ‘शिक्षण’चे ‘िशक्षण’ झालेले असते, वेलांटी अक्षराच्या आधी सुटी पडलेली, आणि आवाज तिथे ठेचकाळतो. चौथा, काही निवडलेच जात नाही: तो मजकूर नाही, चित्र आहे.

शिक्षकाने स्वतः टाइप केलेली जुनी टिपणे किंवा प्रश्नपत्रिका कृतीदेव वा श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये असतील तर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात आणि ते बऱ्यापैकी काम करतात. पाठ्यपुस्तकासाठी मात्र ओसीआरच बरे, म्हणजे पानाच्या चित्रावरून अक्षरे ओळखून घेणे.

त्याची कृती अशी. पुस्तकाची पीडीएफ पाठागणिक तोडा. एक पाठ, एक फाइल, दोन एमबीच्या आत. गूगलची स्वतःचीच ती मर्यादा आहे आणि सगळे पुस्तक एकदम टाकले तर मजकूर अर्धवट येतो. फाइल गूगल ड्राइव्हवर चढवा, तिच्यावर उजवे क्लिक करून ‘ओपन विथ’मधून गूगल डॉक्स निवडा. थोड्या वेळात मराठी मजकूर हाती येतो. छापील पुस्तकावरून करायचे असेल तर फोन पानाला समांतर धरा, बाजूने खिडकीचा उजेड घ्या, फ्लॅश नको. बांधणीकडची बाजू दाबून सपाट करा, कारण वळलेल्या ओळीच्या टोकाची अक्षरेच आधी चुकतात.

आता भरिताचे वांगे भाजून झाले म्हणजे भरीत झाले असे नाही, साल सोलावी लागते. ओसीआरमध्ये घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, ष आणि प, थ आणि य यांची अदलाबदल होते. अनुस्वार उडतो, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, ‘दुसऱ्या’मधला ऱ्य विस्कटतो. बिनअर्थाचा शब्द झाला तर लगेच सापडतो. धोका आहे तो अर्थ असलेल्या चुकीचा: ‘घर’चे ‘धर’, ‘भाग’चे ‘माग’, ‘बाग’चे ‘वाग’. शुद्धलेखन तपासणारी सोय यांना हात लावत नाही, कारण शब्द बरोबरच आहे. यावर उपाय एकच आणि तो स्वस्त आहे. फोनला पाठ वाचू द्या आणि छापील पुस्तकावर बोट ठेवून ऐका. डोळा चूक सुधारून वाचतो, कान सुधारत नाही.

मग मांडणीचे काम. ओळ संपली की ओसीआर नवी ओळ सुरू करते आणि आवाज प्रत्येक ओळीशेवटी श्वास घेतो. त्या मधल्या ओळमोडी काढून परिच्छेद सलग करा. पानाचा क्रमांक वाक्याच्या मध्येच घुसलेला असतो. ‘माहीत आहे का तुम्हांला?’ किंवा ‘करून पहा’च्या चौकटी मुख्य मजकुरात मिसळतात आणि शिवाजी महाराजांच्या मोहिमेच्या मध्येच भलतीच माहिती सुरू होते. चौकट उचलून परिच्छेदाखाली ठेवा, आधी ‘चौकट सुरू’ आणि शेवटी ‘चौकट संपली’ असे लिहा. दोन रकान्यांचा स्वाध्याय असेल तर ‘जोड्या लावा’चे डावे-उजवे सुटे करून क्रमांक द्या.

शीर्षके गूगल डॉक्सच्या शैलीतूनच द्या: पाठाचे नाव पहिल्या पातळीचे, उपशीर्षक दुसऱ्या पातळीचे. आणि छापील पानाचा क्रमांक, ‘पान २५’, तिसऱ्या पातळीचे शीर्षक म्हणून त्या-त्या जागी घाला. ही एवढीशी गोष्ट सगळ्यात जास्त उपयोगी पडते. वर्गात सर म्हणतात ‘पान पंचवीस काढा’, आणि ऐकणारे मूलही इतरांच्या बरोबरीने पान पंचवीसवर जाते. शेवटी ‘डाउनलोड’मधून ई-पब प्रकार निवडा, शीर्षकांची अनुक्रमणिका आपोआप तयार होते. डाउनलोडचा हा पर्याय लॅपटॉपवर सहज सापडतो.

आकृत्या आणि नकाशे यंत्र वाचत नाही. ‘येथे महाराष्ट्राचा नकाशा आहे’ असे लिहिणे म्हणजे काही न लिहिणे. आधी नकाशाखालचे प्रश्न वाचा आणि त्यांच्या उत्तराला लागेल तेवढेच वर्णन करा. नद्यांचा प्रश्न असेल तर ‘तापी राज्याच्या उत्तर भागातून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते, तिच्या उत्तरेला सातपुडा’ एवढे पुरे; रंग आणि चौकट सांगत बसू नका. उत्तर मात्र वर्णनात फोडू नका, हीही चूक होते.

गणिताला वेगळी शिस्त लागते. अर्धा हा अपूर्णांक एकाच चिन्हात छापलेला असला तर ओसीआर त्याचे काहीही करते, म्हणून ‘एक छेद दोन’ असे शब्दांत लिहा. ‘अ अधिक ब छेद क’ ऐकून मुलाला कळत नाही की छेद कुणाखाली आहे. ‘कंस सुरू, अ अधिक ब, कंस पूर्ण, छेद क’ असे लिहा. उभा भागाकार ऐकून होत नाही. त्यासाठी टेलर फ्रेमला, म्हणजे खाचांत खिळे बसवून बोटांनी गणित करायच्या पाटीला, पर्याय नाही आणि तो शोधत बसूही नये.

एका पाठाला हात बसेपर्यंत दोन-अडीच तास धरा, नंतर तासाभरात होतो. भूगोल-विज्ञानाला जास्त, कथा-कवितेला कमी. हे ऐकून गटसाधन केंद्रातले विशेष शिक्षक कपाळाला हात लावतील, त्यांच्याकडे आधीच कितीतरी शाळा. पण पुस्तक सगळीकडे एकच आहे. चाळीसगावात सोललेला पाठ नवापुरात पुन्हा सोलायचे कारण नाही. फाइलला नाव ‘सातवी-भूगोल-पाठ ०३’ असे एकाच पद्धतीने ठेवले तर तीन जिल्ह्यांत वाटून काम होते. प्रत्येक शाळा आपापले वांगे भाजत बसते, हेच दुखणे आहे.

सुगम्य पुस्तकालय आणि कायदा

तयार पुस्तक मिळत असेल तर वरची मेहनत कशाला, म्हणून आधी इथे शोधा. केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने डेझी फोरम ऑफ इंडिया आणि टीसीएस यांच्या साथीने २४ ऑगस्ट २०१६ रोजी हे सुरू केले. सदस्यत्व मोफत, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते आणि फोरमशी जोडलेल्या एखाद्या संस्थेमार्फत नोंदणीला मंजुरी मिळते. प्रमाणपत्राचा फोटो धूसर नको, नाव आधारवर आहे तसेच लिहा. वडिलांचे नाव एका कागदावर आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावर अर्ज रखडतात. पुस्तके डेझी, ई-पब आणि ब्रेल फाइल या रूपांत मिळतात. मराठी वाचकाने फार अपेक्षा ठेवून जाऊ नये. गोष्टी आणि सामान्य वाचन चाळायला जागा चांगली, पण आपल्या इयत्तेचे चालू पुस्तक तिथे असेलच असे धरून वर्षाची आखणी करू नका. पाठ्यक्रम बदलला की जुने पुस्तक दिसते तसेच असते, फक्त उपयोगाचे उरत नाही. इयत्तेबरोबर आवृत्तीचे वर्षही तपासा.

स्वतः पाठ तयार करणाऱ्यांना नेहमी पडणारा प्रश्न: हे कायद्यात बसते का? २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये दिव्यांगांसाठी नफा न घेता वाचनयोग्य प्रत करायला मुभा आहे. अशा वाचनयोग्य प्रतींसाठी झालेल्या मराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता देणारा पहिला देशही भारतच, जून २०१४ मध्ये. मुभा मुलासाठी आहे, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपसाठी नाही. खासगी प्रकाशकाचे गाइड ओसीआर करून सगळ्यांना वाटले तर ती सरळ चोरी. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम १७ म्हणते की ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला १८ वर्षांपर्यंत पुस्तके आणि सहायक साधने मोफत द्यायची. मुख्याध्यापकांना अर्ज लिहिताना कलमाचा आकडा घाला.

रीड अलाँग आणि घरची बोली

गूगलचे रीड अलाँग उलट दिशेने चालते: मूल वाचते, ॲप ऐकते. मराठी आहे, गोष्टी एकदा उतरवल्या की नेटशिवाय चालते, ‘दिया’ नावाचे पात्र अडलेला शब्द सांगते. डिस्लेक्सियाच्या किंवा वाचनात मागे पडलेल्या मुलाला माणसासमोर चुकण्याची लाज वाटत नाही, हा त्याचा मोठा गुण.

खानदेशात मात्र सांभाळून. अहिराणी आणि तावडी बोलणाऱ्या घरात ‘डोळा’ हा ‘डोया’ असतो, ‘काळा’ हा ‘काया’, ‘पाणी’चे ‘पानी’. मूल पुस्तकातला ‘डोळा’ बरोबर ओळखते आणि आपल्या तोंडाने ‘डोया’ म्हणते. ॲपला प्रमाण उच्चार हवा असतो, ते पुन्हा म्हणायला लावते. शिक्षकाने हे वाचनाची चूक म्हणून नोंदवले तर नसलेले अपंगत्व कागदावर येते. परीक्षा सोपी आहे: ‘डोळा’ वाचल्यावर मुलाला चित्रात डोळा दाखवायला सांगा. दाखवला, तर वाचन झाले. पावरी-भिली या आदिवासी बोली बोलणाऱ्या घरातल्या मुलांचे तर आणखी पुढचे. त्यांच्यासाठी मराठी हीच दुसरी भाषा आहे, आणि कोणत्याही ॲपवर गुण कमी दिसले म्हणून अध्ययन अक्षमतेचा शिक्का मारायची घाई नको. अहिराणीसाठी वेगळा यंत्र-आवाज फोनवर नाही. देवनागरीत लिहिलेले ‘तुनं नाव काय शे’ मराठी आवाज वाचून दाखवतो, हेल मात्र पुण्याचा.

जे यंत्र देत नाही

ऐकून शुद्धलेखन येत नाही. ह्रस्व-दीर्घ कानाला जवळजवळ सारखेच, म्हणून नुसते ऐकत शिकलेले मूल उत्तर छान सांगते आणि लिहिताना कोलमडते. पाचवीपर्यंत दृष्टिहीन मुलाच्या बोटाखाली भारती ब्रेल, म्हणजे भारतीय भाषांसाठीची ब्रेल लिपी, असलीच पाहिजे. सहावीपासून पुस्तके जाड होतात, तिथे कान पुढे आणि ब्रेल मागे. ब्रेल हटवून फोन देणाऱ्या योजना आम्हाला मान्य नाहीत.

परीक्षेला फोन नाही. नाशिक विभागीय मंडळाच्या दहावी-बारावीत लेखनिक मिळतो आणि तासाला २० मिनिटे जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक माणसाच्या वेगाने प्रश्न वाचतो, अडखळतो, कधी उपप्रश्न गाळतो. दीडपट वेगाची सवय झालेल्या कानाला ते जड जाते. दिवाळीनंतर आठवड्यातून एकदा तरी माणसाकडून प्रश्नपत्रिका वाचून घेऊन उत्तरे सांगण्याचा सराव हवा, आणि तोही जो लेखनिक ठरला आहे त्याच्याबरोबर.

पैसे कुठे घालायचे

फोन घरी असेल तर तोच वापरा. खर्च करायचा तो वायरचे दोन इअरफोन (एक तुटतोच), भारनियमनासाठी पॉवर बँक आणि पुस्तके ठेवायला मेमरी कार्ड यांच्यावर. पुस्तक धरता न येणाऱ्या मुलासाठी फोनचा वाकणारा स्टँड घ्या. आवाज सुरू राहिला की पान उलटायला हात लागत नाही. अल्पदृष्टीच्या मुलासाठी ऐपत असेल तर दहा इंची टॅबलेट, कारण फोनवर अक्षर मोठे केले की ओळीत दोनच शब्द उरतात.

ओळीवर फिरवले की वाचून दाखवणारे पेन आणि कॅमेरा लावलेले चष्मे हल्ली जोरात विकले जातात. जाहिरातीत ‘भारतीय भाषा’ लिहिलेले असते, पण मराठी निवडता येते का आणि ती नेटशिवाय चालते का, हे दोन प्रश्न विचारले की बरेच विक्रेते विषय बदलतात. जळगावच्या गोलाणी मार्केटला जा नाहीतर नाशिकला, बालभारतीचे पुस्तक पिशवीत घेऊन जा. दुकानदाराला नेट बंद करायला सांगा, जोडाक्षरांनी भरलेला एखादा परिच्छेद त्या यंत्राकडून वाचून घ्या, आणि पैसे त्यानंतरच काढा.